मुका खांब

रात्री अकराला शेतीचा फीडर चालू करतो.
दोन नंबरचा ट्रान्सफॉर्मर जरा घोगरा बोलतो,
थंडीत नेहमीच.
लॉगशीटवर लिहितो: व्होल्टेज, अँपिअर, तेलाचं तापमान.
मग खुर्ची हिटरजवळ ओढून
डब्याच्या पिशवीतून काढतो
वरुडच्या बाजारातली वांगी रंगाची लोकर
आणि सुई, टोकाशी चिमणीच्या नखाएवढा बाक असलेली.

प्रणालीनं जाताना शिकवलं.
अमरावतीला नर्सिंगचं शेवटचं वर्ष,
बॅगेची चेन लागत नव्हती, तिच्यावर बसून म्हणाली,
"पोट्टीची टोपी राहून गेली. तुमची रात्रपाळीच आहे,
बसल्या बसल्या करून टाका."
जसं काही दळण आणायचं आहे.

सहा साखळ्या. शेवटची पहिलीत अडकवली की कडं.
कड्यात बारा मुके खांब.
मी म्हटलं, खांब मला माहीत आहेत,
आठ मीटरचे, नऊ मीटरचे, सिमेंटचे, लोखंडी.
मुका कोणता?
"जो उंच होत नाही," म्हणाली,
"नुसता धरून ठेवतो."

पहिली टोपी ताटली झाली.
प्रत्येक फेरीत वाढवत गेलो,
थांबायचं कुठं ते कोणी सांगितलंच नव्हतं.
फोनवर दाखवली तर होस्टेलच्या जिन्यात
प्रणाली इतकी हसली की वॉर्डन बाहेर आली.
उसवली.
दुसरी नरसाळं.
तीही उसवली.
उसवलेली लोकर कुरळी राहते,
आधी काय होती ते विसरत नाही.

एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस,
फोन.
निंभोरकर काका, हरभऱ्यातून.
"काहो, लाइन कमी-जास्त होऊन रायली. मोटर कण्हते."
"पाहतो."
"करता काय तिकडं?"
"मोजतो."
"काय मोजता?"
"लोड."
पुन्हा एकपासून.

रविवारी न्हाऊ घालताना पाहिलं,
रेवूच्या डोक्यावरचा भोवरा,
केस तिथून निघून गोल जातात डावीकडं.
माझ्या फेऱ्याही तशाच.
मला वाटायचं टोपी कानापासून सुरू होत असेल,
ती तर टाळूपासून होते.
दोन वर्षांपूर्वी ती जागा धकधकायची
आणि तेहतीस हजारांच्या तारांखाली रोज उभा राहणारा मी
तिथं तेल घालायला बहिणीला बोलवायचो.

पहाटे चारला काका उपकेंद्रात आले,
गुडघ्यापर्यंत भिजलेले,
दुपट्टा कानावरून घट्ट आवळलेला.
हिटरपुढं पाय धरले, पायातून वाफ निघाली.
मला सुई लपवायला वेळ मिळाला नाही.
आता हे गावभर होणार.
पण त्यांनी टोपी उचलली,
मुठीवर चढवली, फिरवून पाहिली,
कलम लागलं की नाही हे पाहावं तशी.
"कान झाकाले पाहिजे," म्हणाले.
"थंडी कानातूनच घुसते."
आणि चहा न घेताच गेले, वाफा तुंबला होता.

म्हणून दोन्ही बाजूंना कानपट्ट्या,
एक जराशी मोठी.
त्या रात्रीच्या लॉगशीटच्या कडेला
पेन्सिलीनं लिहिलेले आकडे अजून आहेत.
साहेबांनी विचारलं तर काय सांगू?

सकाळी घातली.
रेवूनं दोन्ही हातांनी चाचपली,
भिंतीवरच्या आरशापाशी गेली, परत आली,
ओढून काढली,
आणि पाट्यावरच्या वरवंट्याला घातली.
"त्याला थंडी."

बारशाला बहिणीनं ह्याच वरवंट्याला
कुंची घालून पाळण्याखालून फिरवलं होतं.
हिला कोण सांगायला गेलं?
वरवंटा बसला तसाच, कान झाकून,
मिरचीचा वास येत असलेला.

त्याच्या डोक्यावरून काढायची हिंमत काही झाली नाही.
लोकर थोडी उरली आहे.
टेप घेऊन रेवूच्या डोक्याला लावली
तर तिला गुदगुल्या,
मान आत, खांदे वर,
सेहेचाळीस की सत्तेचाळीस
नीट कळलंच नाही.